ॲनी नाइटिंगेल गेली : रेडिओ वनवरच्या त्या 54 वर्षांबद्दल

तबकडी | 13 जानेवारी 2024

ॲनी नाइटिंगेल 11 जानेवारीला लंडनमध्ये राहत्या घरी वारली. वय 83. बातमी आल्यापासून मिळतील ते मृत्युलेख वाचतेय आणि जवळपास सगळ्यांची पहिली ओळ एकच आहे : बीबीसी रेडिओ वनवरची पहिली महिला डीजे. त्यात खोटं काही नाही. पण ज्यांनी तिला ब्रेक्स (म्हणजे ब्रेकबीट) आणि ड्रम अँड बेस या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीतासाठी, मध्यरात्रीनंतर कानावर पडणाऱ्या कुणा अनोळखी पोराच्या ट्रॅकसाठी ऐकलं, त्यांना या ओळीनं चुटपुट लागते. पहिलेपणाचा तो मान तिला 8 फेब्रुवारी 1970 ला, एका रविवारी मिळाला. त्यानंतर जवळपास 54 वर्षं ती त्याच स्टेशनवर होती. मला त्या 54 वर्षांबद्दल बोलायचंय.

आधी ती आत कशी आली ते, कारण तिच्या स्वभावाचा अंदाज तिथंच येतो. रेडिओ वन, म्हणजे बीबीसीचं पॉप संगीताचं स्टेशन, 30 सप्टेंबर 1967 ला सुरू झालं. ॲनी तेव्हा पत्रकार होती. ब्रायटनच्या 'ईव्हनिंग आर्गस'मध्ये बातमीदारी केलेली, पॉप संगीतावर स्तंभ लिहिणारी, टीव्हीवर थोडंफार दिसणारी. तिनं काम मागितलं तेव्हा तिला सांगण्यात आलं की दिवसा घरी एकट्या असणाऱ्या गृहिणींना डीजे म्हणजे नवऱ्याच्या जागी वाटणारा पुरुष लागतो, तिथं बाईचं काय काम! हा किस्सा तिनं पुढं कितीतरी मुलाखतींत सांगितला. तिनं पिच्छा सोडला नाही. अखेर संधी मिळाली, आणि पहिल्याच कार्यक्रमात चुकीचं बटण दाबलं गेलं, रेकॉर्ड थांबली, काही सेकंद हवेत नुसती शांतता. एवढ्या सगळ्यांचे डोळे लागलेले असताना असं होणं काय असेल याची कल्पना करा. पुढच्या आठवड्यात ती परत आली. 1982 मध्ये जॅनिस लाँग ही दुसरी महिला डीजे येईपर्यंत बारा वर्षं त्या स्टेशनवर ती एकटीच बाई होती.

पण मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीचा. 1988 च्या सुमाराला ब्रिटनमध्ये ॲसिड हाउस या क्लबांतल्या इलेक्ट्रॉनिक संगीताची लाट आली तेव्हा ॲनी 48 वर्षांची होती. बीटल्सच्या वर्तुळात वावरलेली, बीबीसी टीव्हीवर 'द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' हा रॉक संगीताचा कार्यक्रम चार वर्षं चालवलेली. या टप्प्यावर रेडिओवरची माणसं आपल्या तरुणपणची गाणी लावत सुखानं बसतात, आणि त्यात काही गैरही नाही. ही बाई क्लबांत जायला लागली. विशीतली पोरं जे ऐकत होती ते तिला मनापासून आवडलं, आणि ते आवडणं तिनं लपवलं नाही.

1994 मध्ये तिचा रविवारचा फर्माइशी कार्यक्रम संपला आणि ती शनिवार-रविवारच्या रात्री 'द चिल आउट झोन' घेऊन आली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं क्रिमिनल जस्टिस कायदा केला. उघड्या माळावरच्या रेव्ह, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या पार्ट्या, मोडण्याचे अधिकार पोलिसांना देणाऱ्या त्या कायद्यात, कोणतं संगीत म्हणजे रेव्हचं संगीत हे सांगताना, एकामागोमाग येणारे तेच-तेच ठोके असं वर्णन घातलं गेलं. देशाचा कायदा ज्या ठोक्यांकडे संशयानं बघत होता तेच ठोके ही चौपन्न वर्षांची बाई लोकांच्या पैशावर चालणाऱ्या स्टेशनवरून पहाटेपर्यंत वाजवत होती.

तिथून पुढं गेल्या डिसेंबरपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही. बिग बीट, ब्रेक्स, ग्राइम, डबस्टेप, ट्रॅप, असे एकेक नवे प्रकार. लाट ओसरली की ती पुढच्या लाटेपाशी उभी असायची.

ज्यांनी ऐकलंय त्यांनी लिहा. ज्यांनी नाही ऐकलं त्यांनी विचारा.


काळाचौकी | 13 जानेवारी

धागा काढल्याबद्दल आभार. नाइटिंगेलबाईंचा मुंबईशी एक धागा आहे, तो इथं नोंदवून ठेवतो.

मार्च 1980 मध्ये 'द पोलीस' हा बँड मुंबईत येऊन वाजवून गेला. त्या काळात जगात नाव असलेला रॉक बँड ऐन भरात असताना इथं येणं ही अप्रूपाची गोष्ट होती. कार्यक्रम भरवला होता टाइम अँड टॅलेंट्स क्लबनं, म्हणजे धर्मादाय कामासाठी निधी गोळा करणाऱ्या मुंबईतल्या बायकांच्या संस्थेनं. त्या दौऱ्यावर बीबीसीचा माहितीपट झाला, त्यात नाइटिंगेलबाई होत्या. ब्रिटिश प्रेक्षकांनी या बँडच्या निमित्तानं मुंबई पाहिली ती त्यांच्याबरोबर.

त्याच वर्षी डिसेंबरात बीटल्सपैकी जॉन लेननचा न्यूयॉर्कमध्ये खून झाला. दुसऱ्या दिवशी 'व्हिसल टेस्ट'चा श्रद्धांजलीचा कार्यक्रम त्यांनी केला. माणूस ओळखीचा, घाव ताजा, आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. त्यांनी ते न रडता, न नटवता केलं. ती चित्रफीत इंटरनेटवर सापडते, पाहाच.

एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. रात्रीच्या रेडिओवर अनोळखी संगीत आणण्याचं मूळ श्रेय रेडिओ वनचाच डीजे जॉन पील याचं. आमच्या पिढीला बीबीसी म्हणजे शॉर्टवेव्हवरची वर्ल्ड सर्व्हिस, आणि तिथं पील ऐकू यायचा. रेडिओ वन इथं पोचतच नव्हतं. 25 ऑक्टोबर 2004 ला पेरूमध्ये पील गेला तेव्हा जगभरच्या लोकांना घरचं माणूस गेल्यासारखं झालं. नाइटिंगेलबाई मोठ्याच, पण पील तो पील.


तबकडी | 13 जानेवारी

काका, मुंबईची माहिती दिलीत, फार बरं वाटलं.

पीलबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पण दोघांची कामं वेगळी होती. पीलच्या एका कार्यक्रमात पंक, रेगे, टेक्नो, आफ्रिकन गिटार, सगळं एका ओळीत यायचं आणि ऐकणाऱ्यानं त्यातून वाट काढायची. ॲनीनं एक दालन निवडलं आणि त्यात ती तीस वर्षं राहिली. ब्रेक्सच्या गावात तिला ओळख दाखवावी लागत नव्हती. डीजे म्हणून ती स्वतः क्लबांत आणि महोत्सवांत वाजवायची, सत्तरी ओलांडल्यावरसुद्धा. तिनं स्वतः मिक्स केलेले संग्रहही निघाले. पील रेकॉर्ड लावायचा. ॲनी रेकॉर्ड लावायची आणि समोर नाचणारी माणसंही बघायची. ज्या माणसाला रात्री दोन वाजता गर्दी कशानं उसळते हे ठाऊक आहे त्याची निवड वेगळी होते.


पाटीपेन्सिल | 13 जानेवारी

मी बी.एस्सी.ला आहे, ॲनीबद्दल आज पहिल्यांदा वाचतोय. ब्रेक्स, ब्रेकबीट हे शब्द वारंवार येतायत. हाउस आणि ब्रेकबीट यात फरक काय असतो, कुणी नीट सांगेल का?


आठवी_मात्रा | 14 जानेवारी

सांगतो. तबला थोडा वाजवतो आणि घरी ट्रॅकही बनवतो, म्हणून दोन्हीकडून सांगता येईल.

हाउस आणि टेक्नोमध्ये चार मात्रांचं आवर्तन असतं आणि प्रत्येक मात्रेवर खर्जातला ढोल पडतो. धम, धम, धम, धम. मिनिटाला साधारण 120 ते 130. पाय कुठं टाकायचा याची शंकाच राहत नाही, म्हणून हजार माणसं एकत्र नाचू शकतात. ब्रेकबीटमध्ये खर्जाचा ठोका अशा सगळ्या मात्रांवर पडत नाही. तो मध्येच सरकतो, दोन मात्रांच्या फटीत येतो, एखादी जागा रिकामी सोडतो. समेवर सगळे भेटतात, पण मधला प्रवास वाकडातिकडा. आपल्याकडं लग्गी ऐकायची सवय असलेल्या माणसाला ही मजा लगेच कळते.

नाव कुठून आलं? जुन्या सोल आणि फंकच्या रेकॉर्डमध्ये बाकीची वाद्यं थांबून ड्रमर एकटा वाजवतो तो तुकडा म्हणजे ब्रेक. न्यूयॉर्कच्या डीजेंनी दोन टर्नटेबलांवर तीच रेकॉर्ड ठेवून तो तुकडा आलटूनपालटून लांबवला. पुढं सॅम्पलर, म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून वाजवणारं यंत्र, आला आणि तुकडा कापून हवा तसा जोडता यायला लागला. सर्वांत प्रसिद्ध तुकडा 'द विन्स्टन्स' या बँडच्या 1969 सालच्या 'अमेन, ब्रदर' या रेकॉर्डमधला. चार आवर्तनं, सहा-सात सेकंद. ड्रमर ग्रेगरी कोलमन. हा तुकडा वेग वाढवून, चिरून, उलटसुलट करून इंग्लंडमधल्या पोरांनी 1990 च्या आसपास 'जंगल' नावाचा संगीतप्रकार आणि मग ड्रम अँड बेस उभं केलं, मिनिटाला 160 च्या पुढं. ॲनी ज्या ब्रेक्ससाठी ओळखली जाते ते याच कुळातले, पण 130 ते 140 च्या घरातले, जड खर्जाचे.

कोलमनला यातलं काहीच मिळालं नाही. तो 2006 मध्ये बेघर अवस्थेत गेला. 2015 मध्ये लोकांनी ऑनलाइन वर्गणी काढून बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला सुमारे 24,000 पौंड दिले. हे सांगायचं कारण, आपण ज्या संगीताबद्दल बोलतोय त्याच्या बुडाशी कुणाचे तरी हात आहेत, आणि त्या हातांची आठवण काढत राहणं हे ऐकणाऱ्याचंही काम आहे.


पाटीपेन्सिल | 14 जानेवारी

धन्यवाद दादा. 'अमेन' ऐकलं. हा तुकडा मी कितीतरी ठिकाणी आधी ऐकलाय, कधी कळलंच नव्हतं!


रात्रपाळी | 14 जानेवारी

मी इंग्लंडात नर्स आहे. मूळची सांगलीकडची. रात्रीच्या ड्यूटीत वॉर्ड शांत असला की नर्सेस स्टेशनला बारीक आवाजात रेडिओ लावायची आमच्याकडं पद्धत होती. नवीन नवीन आले तेव्हा माझ्या बरोबरची सिस्टर ॲनीची भक्त होती, तिनं मला लावून दिलं.

पहिल्यांदा मला ते संगीत आवडलं नव्हतं. नाट्यसंगीत आणि भक्तिगीतं ऐकत वाढलेला कान. पण तिचं बोलणं आवडलं. आवाज जरा घोगरा, हसरा, घाई नाही. रात्री जागी असलेल्या माणसांशी ती बोलतेय हे कळायचं. ट्रकवाले, बेकरीतली माणसं, क्लबमधून घरी निघालेली पोरं, परीक्षेला बसलेली मुलं, आणि आम्ही. प्रत्येक ट्रॅकनंतर नाव सांगायची, कुठल्या गावचा आहे ते सांगायची, आणि जणू हा पोरगा आपल्याच शेजारचा असं त्याचं कौतुक करायची. त्या कौतुकामुळं मी लक्ष देऊन ऐकायला लागले, आणि लक्ष दिलं तेव्हा त्यातलं काही काही कळायला लागलं. संगीत समजावून न सांगता समजतं करून द्यायची तिची ही पद्धत होती असं मला वाटतं.

माझ्या त्या सिस्टर आता निवृत्त झाल्या. शुक्रवारी त्यांचा फोन आला. बराच वेळ आम्ही दोघी तिच्याचबद्दल बोलत होतो.


उंबरठा | 14 जानेवारी

रात्रपाळी ताई, छान लिहिलंत.

मला एक जाणून घ्यायचंय. भारतात बसून तुम्ही लोकांनी हे ऐकलं कसं? काका म्हणतात तसं रेडिओ वन तर इथं यायचंच नाही.


तबकडी | 14 जानेवारी

इंटरनेटवरून. ब्रॉडबँड यायच्या आधी सायबर कॅफेत रिअलप्लेअर लावून, हेडफोन घालून. आवाज डबड्यातून आल्यासारखा, मध्येच बफरिंग. पुढं बीबीसीनं झालेले कार्यक्रम आठवडाभर ऐकायची सोय केली तेव्हा चैन झाली. लंडनला मध्यरात्र म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडं पहाटेचे साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. तिचा मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम पुण्यात दूधवाल्याच्या वेळेला यायचा.

त्याच काळात घरी वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओचा रिसीव्हर होता. खिडकीत ती छोटी अँटेना ठेवून उपग्रहाकडं तोंड करायची. 'द सिस्टिम' नावाची वाहिनी चोवीस तास इलेक्ट्रॉनिक वाजवायची. 2009 संपता संपता वर्ल्डस्पेस भारतात बंद झालं तेव्हा आमच्या गटात खूप जणांना पोरकं झाल्यासारखं वाटलं. पण त्या वाहिनीवर माणूस फारसा जाणवायचा नाही. गाण्यामागून गाणं यायचं. ॲनीच्या कार्यक्रमात माणूस होता.


पाटीपेन्सिल | 14 जानेवारी

प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. आता ॲप उघडलं की ते माझ्या आवडीचंच पुढचं गाणं लावतं, आणि बहुतेक वेळा ते आवडतंच. मग रेडिओवर बसून कुणी निवडून देणारं हवंच कशाला?


तबकडी | 14 जानेवारी

राग कसला, हा प्रश्न यायलाच हवा होता.

ॲप तुला आजवर आवडलेल्यावरून पुढचं देतं. ते त्याचं काम चोख करतं. पण रात्रपाळी ताईंचं उदाहरण घे. नाट्यसंगीत आणि भक्तिगीतं ऐकणाऱ्या बाईला ॲपनं कधीच ब्रेक्स दिले नसते, कारण तिच्या आवडीत त्याचा मागमूस नव्हता. एका माणसानं आपल्या भरवशावर सांगितलं की थांब, हे ऐक, यात काहीतरी आहे. आणि त्या माणसावर विश्वास बसला होता म्हणून ताई थांबल्या. हा विश्वास ॲनीनं कसा कमावला? एकतर तिनं न आवडणारं लावलं नाही. दुसरं, तिनं रेकॉर्ड पूर्ण वाजू दिली.

हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. पॉप रेडिओत गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर बोलायचं आणि शेवट कापून टाकायचा हा शिरस्ता होता. अजून आहे. ॲनीच्या रविवारच्या फर्माइशी कार्यक्रमात, जो पुढं टॉप फोर्टीच्या, म्हणजे सर्वाधिक खपाच्या चाळीस गाण्यांच्या कार्यक्रमाच्या, लगेच मागून लागायचा, गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत यायचं, मध्ये तिचा शब्द नाही. सीडी नुकत्या आलेल्या असताना ती त्यावरून वाजवायची, कारण आवाज स्वच्छ. लाखो पोरं तेव्हा रेडिओवरून कॅसेट भरून घ्यायची. त्यांच्याकडं रेकॉर्ड विकत घ्यायला पैसे नव्हते हे तिला माहीत होतं, आणि त्यांची कॅसेट बिघडू नये म्हणून ती गप्प बसायची. ऐकणाऱ्याची ही एवढी कदर करणारे डीजे मी फार थोडे पाहिलेत.

आणि इलेक्ट्रॉनिक संगीताला तर पूर्ण वाजणं लागतंच. सात-आठ मिनिटांचा ट्रॅक पाच मिनिटं बांधणी करतो आणि मग फुटतो. अडीच मिनिटांत कापलात तर हातात काहीच येत नाही. ॲनीची सवय आणि या संगीताची गरज यांचं जमलं ते बरोबर होतं.


आठवी_मात्रा | 14 जानेवारी

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. ख्यालातली बढत कापून फक्त द्रुत ऐकवली तर काय होईल!

पण एक नोंद न्यायासाठी. पहिल्या पोस्टमध्ये डबस्टेपचा उल्लेख आहे. रेडिओ वनवर डबस्टेपला दार उघडून देण्याचं मोठं श्रेय तिथलीच डीजे मेरी ॲन हॉब्स हिचं आहे. जानेवारी 2006 मधला तिचा 'डबस्टेप वॉर्झ' हा कार्यक्रम म्हणजे दक्षिण लंडनच्या क्रॉयडनकडच्या एका छोट्या मंडळींच्या संगीताचं जगाला झालेलं पहिलं मोठं दर्शन. तसंच ड्रम अँड बेससाठी फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे डीजे 1998 पासून तिथं होते. ॲनी या सगळ्यांच्या बरोबर होती, आधी होती आणि नंतरही राहिली. सगळंच तिच्या खात्यावर टाकलं तर तिलाही ते पटलं नसतं.


तबकडी | 14 जानेवारी

मान्य. हॉब्सवर वेगळा धागा हवाच, तुम्ही काढा.


म्हापसेकर | 15 जानेवारी

देव बरें करूं. गोंयातून लिहितो.

आमच्याकडं हे संगीत रेडिओवरून आलंच नाही. हणजुण्याच्या किनाऱ्यावर, वागातोरला, माणसांच्या बॅगांतून आलं. सत्तरच्या दशकात रॉक वाजायचा, ऐंशीच्या मध्यात कॅसेटी बदलल्या, मशीनचं संगीत आलं. पुढं डॅट, म्हणजे डिजिटल टेपा. रेकॉर्ड उन्हात वाकड्या व्हायच्या, वाळू जायची, म्हणून टेपा बऱ्या. एक डीजे दुसऱ्याला टेप भरून द्यायचा, तो ती बर्लिनला, लंडनला, तेल अवीवला न्यायचा. आमचे पागी, रापणकार, म्हणजे मासेमारी करणारी माणसं, चहाच्या चटया मांडणाऱ्या बायका, यांनी हे संगीत तेव्हा ऐकलंय जेव्हा लंडनच्या मोठ्या स्टेशनांना त्याचा पत्ता नव्हता.

ऑक्टोबरात गोवा गिल गेला. कॅलिफोर्नियाचा पोरगा, सत्तरच्या सुमाराला इथं आला आणि इथलाच झाला. चोवीस चोवीस तास वाजवायचा. तीन महिन्यांच्या आत ॲनी. एक किनाऱ्यावर वाजवायचा, एक स्टुडिओत. दोघांच्यातलं सारखं मला हे दिसतं की दोघांनी नवीन पोरांची टेप हातात घेतली आणि ऐकली. खूप मोठे लोक ती घेतात आणि टेबलावर ठेवून देतात.


काळाचौकी | 15 जानेवारी

म्हापसेकर, चटई मांडणाऱ्या बायकांचा उल्लेख केलात, मनाला भिडला. त्यांच्या आठवणी कुणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवायला हव्यात.


उंबरठा | 15 जानेवारी

पहिल्या बाईच्या मुद्द्यावर थोडं बोलू का? धागाकर्तीला तो मुद्दा मागं ठेवायचाय हे समजलं, पण मला तो इतका सहज सोडवत नाही.

आपल्या आकाशवाणी मुंबई केंद्रावर बायकांचे आवाज कधीचे आहेत. 'प्रपंच' आणि 'पुन्हा प्रपंच' या घरगुती श्रुतिकांमधल्या नीलम प्रभूंची मीनावहिनी घराघरांत होती. माझ्या आजीला टेकाडे भावोजी आणि मीनावहिनी हे शेजारी राहतात असं वाटायचं. निवेदिका होत्या, बातम्या देणाऱ्या होत्या. पण नीट बघितलं तर कुठं होत्या? घराच्या कार्यक्रमात, वनिता मंडळात, बातम्यांत. गाणी कोणती लावायची, कोणतं गाणं चांगलं हे ठरवणारा आवाज बहुतेक वेळा पुरुषाचा. अमीन सयानी 1952 पासून रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सांगत राहिले, आम्ही सगळे त्यांचे भक्त आहोत, पण त्या खुर्चीवर बाई असती तर, हा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

ॲनीनं जे मोडलं ते हे. बीबीसीला बाईचा आवाज चालत होता. बाईची आवड चालत नव्हती. ती बोलायला आत गेली नव्हती, निवडायला गेली होती. म्हणून पहिली असणं हे तिच्या कानापासून वेगळं काढता येणार नाही असं मला वाटतं.


तबकडी | 15 जानेवारी

उंबरठा, हे मला असं दिसलं नव्हतं, आणि पटलं. आवाज आणि आवड यातला फरक मी माझ्या डोक्यात ठेवणार आहे.

यालाच जोडून : ती आत जाऊन दार लावून बसली नाही. 2021 मध्ये रेडिओ वनवर तिच्या नावानं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणाऱ्या स्त्री आणि नॉन-बायनरी डीजेंसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. तेव्हा ती 81 वर्षांची होती. ॲनी मॅक, सारा कॉक्स यांच्यासारख्या पुढच्या पिढीतल्या बायकांनी परवा जे लिहिलंय ते वाचलं तर कळतं की त्यांच्यासाठी ती भिंतीवरचा फोटो नव्हती. फोन करून नवा ट्रॅक ऐकलास का विचारणारी मैत्रीण होती.


रात्रपाळी | 15 जानेवारी

तिच्या हिमतीबद्दल एक. 1996 मध्ये क्युबाला हवानात तिच्यावर लुटारूंनी हल्ला केला होता. जबर दुखापत झाली, विमानानं लंडनला आणावं लागलं. अशा जखमांतून माणूस शरीरानं उठतो पण रात्रीची धास्ती राहते, हे मी कामात रोज बघते. ती परत रात्रीच्याच कामावर गेली, आणि पुढं जगभर एकटी फिरून वाजवत राहिली. हे मला तिच्या सगळ्या पदकांपेक्षा मोठं वाटतं. एमबीई 2002 आणि सीबीई 2020 हे ब्रिटिश सन्मान, गिनेसची विक्रमनोंद 2010, हे सगळं पेपरात आलंच आहे.


आठवी_मात्रा | 15 जानेवारी

पहिल्या पोस्टमध्ये ॲसिड हाउसचा उल्लेख आलाय तर मुंबईची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अवांतर वाटलं तरी चालेल.

ॲसिडचा तो किरकिरता, पिळवटलेला खर्ज निघतो रोलँड कंपनीच्या टीबी-303 या यंत्रातून. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये निघालं, गिटारवाल्याला सरावाला साथीदार म्हणून. बेस गिटारसारखं ते अजिबात वाजत नव्हतं, खपलं नाही, 1984 ला बंद झालं. मग सेकंडहँड दुकानांतून स्वस्तात शिकागोच्या पोरांच्या हाती लागलं. त्यांनी वाजत असताना त्याचे खुंटे फिरवले. 1987 मध्ये 'फ्यूचर' या त्रिकुटाचा 'ॲसिड ट्रॅक्स' आला, आणि तिथून इंग्लंडचे क्लब पेटले.

पण 1982 मध्ये, म्हणजे पाच वर्षं आधी, मुंबईत चरणजित सिंग नावाच्या सिनेवादकानं तेच यंत्र, टीआर-808 हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर घेऊन डिस्को ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. एचएमव्हीनं काढली. कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा जगभरातले लोक थक्क झाले. सत्तरी गाठलेले सिंगसाहेब तीच यंत्रं घेऊन युरोपात वाजवायला गेले. 2015 मध्ये ते गेले.

शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती असं अजिबात नाही, दोन्ही वाटा स्वतंत्र. पण मला नेहमी हळहळ वाटते. 1982 मध्ये मुंबईत ॲनीसारखं कुणी असतं, रात्री अकरानंतर एक तास मोकळा असता, आणि त्या माणसानं ती रेकॉर्ड पूर्ण लावली असती, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लावली असती, तर? बनवणारा आमच्याकडं होता. ऐकवणारं कुणी नव्हतं.


काळाचौकी | 15 जानेवारी

आठवी_मात्रा, हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी तेव्हा मुंबईतच होतो, रेकॉर्डच्या दुकानांत पडीक असायचो, आणि हे नाव कानावर आलं नाही. तबकडीताई, पीलबद्दलचा माझा आग्रह कायम आहे, पण एका दालनात तीस वर्षं राहणारा माणूस का हवा हे आज समजलं.


पाटीपेन्सिल | 16 जानेवारी

मी काल रात्री तिचे जुने कार्यक्रम शोधून दोन ऐकले. पहिला अर्धा तास जड गेला, मग लागलं. आमच्या कॉलेजच्या कॅम्पस रेडिओवर शनिवारी रात्री एक तास रिकामा असतो. तिच्यासारखा करून बघू का? तुम्ही ट्रॅक सुचवाल?


तबकडी | 16 जानेवारी

नक्की कर. सुचवू की सगळे. फक्त तुला जे खरंच आवडेल तेवढंच लाव, आमच्या भिडेखातर काही लावू नकोस. प्रत्येक ट्रॅकचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि गाव सांग. गाण्यावर बोलू नकोस, गाणं कापू नकोस. एका तासात सात-आठच बसतील, बसू देत.

एक जागा आपल्याकडच्या कुणासाठी ठेव. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात घरी बसून ट्रॅक बनवणारी पोरं-पोरी आहेत, या मंडळावरही आहेत. त्यांनी इथं खाली आपलं काम टाकावं.


म्हापसेकर | 16 जानेवारी

माझ्याकडं 1991-92 च्या काही टेपा आहेत, कुणाचं काय ते लिहिलेलं नाही. डिजिटल करून पाठवतो. कुणाला बनवणारा ओळखता आला तर इथं लिहा, मगच लावूया.


रात्रपाळी | 16 जानेवारी

शनिवारी रात्री म्हणजे आमची संध्याकाळ. ऑनलाइन येणार असेल तर लिंक दे रे. माझ्या सिस्टरनाही पाठवते, त्यांची फर्माइश तयार आहे.


आठवी_मात्रा | 16 जानेवारी

चरणजित सिंगांच्या रेकॉर्डमधला भैरव, पूर्ण. माझी फर्माइश.